रेझ्युमेसाठी मजकूर-आधारित साधन निवडताना: लाटेक, मार्कडाउन, टाइप्स्ट आणि इतर

सोलापुरात पदवी किंवा पदविका हाती आली की रेझ्युमेसाठी बहुतेक मुले-मुली दोन वाटांनी जातात. एक वाट नवी पेठेतल्या किंवा सात रस्त्याजवळच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानाची. तिथे आधी कोणासाठी तरी केलेल्या वर्डच्या फाइलमध्ये नाव आणि टक्केवारी बदलून प्रती काढून मिळतात. दुसरी वाट रेझ्युमे बनवून देणाऱ्या संकेतस्थळांची. त्यांतली अनेक सगळी माहिती आधी भरून घेतात आणि डाउनलोडच्या बटणापाशी पोहोचल्यावर पैसे मागतात. कागद दोन्हीकडे मिळतो, पण मूळ फाइल आपल्या ताब्यात राहत नाही, आणि सहा महिन्यांनी नव्या कामाची एक ओळ वाढवायची झाली की पुन्हा तोच फेरा घालावा लागतो. तिसरी वाट फारशी कोणी सांगत नाही: रेझ्युमेचा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आपणच लिहायचा, शीर्षक कोणते आणि ठळक काय याच्या खुणा त्याच फाइलमध्ये द्यायच्या, आणि पीडीएफ संगणकाकडून तयार करून घ्यायची. या तिसऱ्या वाटेवरची साधने मी वापरून पाहिली आहेत आणि महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना ती शिकवतेही. त्यांच्याविषयीचे माझे मत इथे कारणांसह मांडते.

या साधनांची तुलना बहुधा छापील पानाच्या देखणेपणावरून केली जाते. पान नीटनेटके हवेच, पण साधन निवडण्याची माझी पहिली कसोटी ती नाही. फाइल आपल्या हातून सुटल्यावर तिचे काय होते, हे मी आधी पाहते. सोलापूरच्या उमेदवाराची पीडीएफ एखाद्या कंपनीच्या नोकरभरती प्रणालीत अपलोड होते आणि तिथे आधी एक प्रोग्राम तिच्यातला मजकूर उपसून काढतो. तीच फाइल पुण्यातल्या एखाद्या कन्सल्टन्सीकडे व्हॉट्सॲपवर जाते, आणि तिथून अनेकदा ‘वर्डमध्ये पाठवा’ असे उत्तर येते. हिंजवडीला किंवा चाकणला मुलाखतीसाठी जाताना हुतात्मा एक्सप्रेस पकडण्याच्या आदल्या संध्याकाळी तीच फाइल पेन ड्राइव्हवरून झेरॉक्सच्या दुकानात छापली जाते. आणि अर्ज जिल्ह्यातल्याच एखाद्या शिक्षण संस्थेत किंवा पतसंस्थेत करायचा असेल, तर तोच मजकूर मराठीत लागतो. जे साधन या चारही ठिकाणी टिकते आणि वर्षभरानंतर उघडल्यावरही मुलाला स्वतः बदलता येते, ते माझ्या दृष्टीने चांगले.

तपासणीसाठी मी वस्त्रोद्योगातील एका काल्पनिक पदविकाधारकाचा एक पानी मजकूर तयार केला. त्यात टॉवेल कारखान्यातील प्रशिक्षण, गुणांची टक्केवारी, ईमेल, दोन प्रकल्प आणि संगणक कौशल्ये असा नेहमीचा ऐवज होता. हाच मजकूर प्रत्येक साधनात घालून पीडीएफ काढली, ती नोटपॅडमध्ये कॉपी करून पाहिली, स्वस्त मोबाइलवर उघडली आणि साध्या लेझर प्रिंटरवर ए-फोर कागदावर छापली.

लाटेकपासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण अभियांत्रिकीच्या मुलांनी बहुधा याच साधनाचे नाव ऐकलेले असते. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ मध्ये टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली प्रसिद्ध केली आणि पुढे १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेक उभे केले. गणित आणि भौतिकशास्त्राचे शोधनिबंध आजही मोठ्या प्रमाणावर त्यातच लिहिले जातात. ओळी तोडण्याची त्याची पद्धत फार विचारपूर्वक बांधलेली आहे: प्रत्येक ओळ सुटी न पाहता पूर्ण परिच्छेदाचा विचार करून शब्दांमधील मोकळी जागा ठरवली जाते, त्यामुळे दोन्ही कडा सरळ ठेवूनही मधे भोके पडत नाहीत. रेझ्युमेचे तयार नमुनेही लाटेकमध्ये भरपूर आहेत. मॉडर्नसीव्ही, ऑसम-सीव्ही, अल्टासीव्ही आणि ‘जेक्स रेझ्युमे’ या नावाने ओळखला जाणारा एकस्तंभी नमुना ही त्यांतली चटकन सापडणारी नावे. ओव्हरलीफ या संकेतस्थळावर काहीही इन्स्टॉल न करता यांपैकी कोणताही नमुना उघडून भरता येतो, आणि रेझ्युमेएवढ्या छोट्या फाइलला तिथले मोफत खाते पुरते.

आता अडचणी. लाटेकमध्ये काही चिन्हांना विशेष अर्थ आहे, आणि दुर्दैवाने तीच चिन्हे आपल्या रेझ्युमेत सर्वाधिक येतात. टक्क्याचे चिन्ह म्हणजे ‘इथून पुढची ओळ ही टिप्पणी आहे, ती छापू नये’ अशी सूचना. त्यामुळे ‘८२.४०% गुण, प्रथम श्रेणी, २०२३’ असे लिहिले की पानावर फक्त ‘८२.४०’ उरते आणि श्रेणी व वर्ष दोन्ही गायब होतात. याबद्दल कसलीही त्रुटी दाखवली जात नाही. पीडीएफ तयार होते, सुंदर दिसते आणि मुलगा ती पाठवून मोकळा होतो. ‘आर अँड डी’मधले अँडचे चिन्ह, ‘सी शार्प’मधले # आणि ईमेलमधली अधोरेषा यांनी निदान त्रुटी तरी येते, पण तिची भाषा नवशिक्याला उमगत नाही, अधोरेषा चुकली की ‘डॉलरचे चिन्ह राहिले होते, ते घातले’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि आपण डॉलर कुठे लिहिला होता हे शोधत मूल बसते. उपाय सोपा आहे: प्रत्येक चिन्हाआधी बॅकस्लॅश द्यायचा. पण हा उपाय नमुना भरण्याच्या आधी सांगितला गेला पाहिजे.

दुसरी बाब कागदाच्या मापाची. लाटेकचे बरेच लोकप्रिय नमुने अमेरिकेत तयार झालेले असल्याने त्यांत लेटर हे माप लिहिलेले असते. लेटर कागद आपल्या ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड असतो. झेरॉक्सवाला ‘फिट टू पेज’ ठेवूनच छापतो, म्हणून मजकूर जरा लहान होतो आणि खाली रिकामी पट्टी राहते. पहिल्या ओळीतला ‘लेटरपेपर’ हा शब्द काढून ‘ए-फोर-पेपर’ लिहिले की काम झाले, पण आधी ते माहीत हवे.

तिसरी बाब अधिक खोल आहे आणि ती कागदावर दिसतच नाही. इंग्रजीत एफ आणि आय ही अक्षरे शेजारी आली की अक्षरजुळणीत ती एकत्र जोडली जातात. वस्त्रोद्योगाच्या रेझ्युमेत ‘फिनिशिंग’, ‘सर्टिफिकेट’, ‘एफिशियन्सी’ हे शब्द हमखास असतात आणि त्या सगळ्यांत ही जोडी आहे. पीडीएफमध्ये त्या जोडाक्षराचा मूळ अक्षरांशी संबंध नोंदवलेला नसेल, तर मजकूर उपसणाऱ्या प्रोग्रामला त्या जागी एखादे विचित्र चिन्ह किंवा रिकामी जागा मिळते, आणि ‘फिनिशिंग सुपरवायझर’ शोधणाऱ्या कंपनीच्या यादीत तो उमेदवार येत नाही. ‘जेक्स रेझ्युमे’च्या नमुन्यात हा संबंध नोंदवणाऱ्या दोन ओळी आधीच घातलेल्या आहेत, म्हणून पीडीएफ-लाटेक (लाटेक फाइलची पीडीएफ करणारे नेहमीचे इंजिन) वापरणाऱ्याला मी तोच नमुना सुचवते. इतर नमुने वापरायचे असतील तर झीलाटेक किंवा लुआलाटेक या इंजिनांवर चालवावेत, आणि तरीही कॉपी करून पाहावे.

स्वतःच्या संगणकावर लाटेक बसवायचे झाले तर टेक लाइव्ह या संचाची पूर्ण स्थापना कित्येक जीबींची आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती उतरवणे बहुतेक घरांतून शक्य नसते. मिकटेक हा दुसरा संच लागेल तेवढेच पॅकेज उतरवतो, पण पहिल्याच वेळी दर थोड्या वेळाने परवानगी विचारत राहतो आणि घाईच्या दिवशी तेही अंगावर येते. एका पानाच्या रेझ्युमेसाठी एवढी यंत्रणा उभी करणे मला पटत नाही. एमएस्सी करून संशोधनाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना शोधनिबंधांची यादी द्यावी लागते, बिबटेकची (संदर्भसूचीची) फाइल त्यांच्याकडे असतेच आणि पुढे प्रबंधही लाटेकमध्येच लिहायचा असतो. त्यांनी दुसरे काही शोधू नये.

मार्कडाउन हे याच्या अगदी उलट टोकाचे साधन आहे. जॉन ग्रुबर यांनी ते २००४ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे वयाने ते आपल्या सोलापूर विद्यापीठाएवढेच आहे. शीर्षकासाठी #, यादीसाठी आडवी रेघ आणि ठळक अक्षरांसाठी दोन तारका एवढे कळले की लिहायला बसता येते. फाइल नुसती वाचली तरी ती रेझ्युमेसारखीच वाचता येते, आणि ज्याच्याकडे लॅपटॉप नाही त्याला ती मोबाइलवरच्या साध्या नोट्समध्येही लिहिता येते. हा शेवटचा मुद्दा मी फार महत्त्वाचा मानते, कारण माझ्या वर्गातल्या अनेकांचा घरचा एकमेव संगणक म्हणजे त्यांचा फोन आहे.

मार्कडाउनपासून पीडीएफ किंवा वर्ड फाइल बनवण्याचे काम पॅनडॉक करते. जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ पासून ते घडवले. ते अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. एकाच मजकुरापासून अनेक स्वरूपे काढण्यात पॅनडॉकचा हात धरणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. कन्सल्टन्सीने वर्ड फाइल मागितली की लाटेक वापरणारा अडतो. त्याला बहुधा पीडीएफवरून मजकूर उचलून पुन्हा मांडावा लागतो. मार्कडाउन वापरणारा पॅनडॉकला दिलेल्या आज्ञेतले शेवटचे तीन अक्षरी नाव (pdf) बदलून चार अक्षरी (docx) करतो आणि फाइल पाठवतो. ती वर्ड फाइल कशी दिसावी हेही ठरवता येते: वर्डमध्ये एक कोरी संदर्भ-फाइल बनवायची, तिच्यात शीर्षकाचा फाँट, आकार आणि समास हवे तसे ठेवायचे, आणि पॅनडॉकला तिचा पत्ता द्यायचा. आपल्याकडे चादरीच्या मागावर जॅकार्डची कार्डे तीच ठेवून सूत बदलतात आणि नक्षी कायम राहते, तसेच हे आहे. संदर्भ-फाइल एकदा नीट केली की मजकूर कितीही वेळा बदलावा.

मार्कडाउनची उणीव मांडणीत आहे. कामाच्या ठिकाणाचे नाव डावीकडे आणि कालावधी त्याच ओळीत उजव्या कडेला, ही रेझ्युमेची रूढ रचना साध्या मार्कडाउनमध्ये करता येत नाही. कालावधी नावापुढे स्वल्पविराम देऊन लिहावा लागतो किंवा खालच्या ओळीत घ्यावा लागतो. मला यात गैर वाटत नाही. वाचणाऱ्याला माहिती मिळतेच. नवशिक्याची फसगत आणखी एका ठिकाणी होते. नाव, फोन आणि ईमेल तीन ओळींत लिहिले तरी पॅनडॉक त्या तीन ओळी एका परिच्छेदात जोडून टाकते. ओळ जिथे तोडायची तिथे शेवटी बॅकस्लॅश द्यावा लागतो. शिवाय पीडीएफ काढण्यासाठी पॅनडॉकला मागे एखादे इंजिन लागतेच, आणि काहीच सांगितले नाही तर ते पीडीएफ-लाटेक शोधते. म्हणजे ज्या जड स्थापनेपासून सुटका हवी होती तिच्याकडेच परत जावे लागते. सुदैवाने आता पॅनडॉकला इंजिन म्हणून टाइप्स्टचे नाव देता येते.

टाइप्स्टविषयी मला मनापासून चांगले लिहायचे आहे. बर्लिनच्या तंत्र विद्यापीठात लॉरेन्झ मेड्ये आणि मार्टिन हाउग या दोघांनी ते घडवायला घेतले आणि मार्च २०२३ मध्ये त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला. लाटेकची अक्षरजुळणी आणि मार्कडाउनची सोपी लेखनपद्धत या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा हा प्रयत्न आहे, आणि रेझ्युमेपुरता तरी तो यशस्वी झाला आहे असे मी निःसंकोच म्हणेन. शीर्षकासाठी बरोबरचे चिन्ह, ठळक अक्षरांसाठी एक तारका, यादीसाठी आडवी रेघ. मूळ माप ए-फोरच आहे, त्यामुळे कागदाचा घोळ उद्भवत नाही. टक्क्याचे चिन्ह जसे लिहू तसे छापले जाते. ओळीच्या मधोमध ‘उरलेली जागा इथे सोडावी’ अशी छोटी खूण दिली की कालावधी उजव्या कडेला जाऊन बसतो. आणि बदल केला की पान जवळजवळ त्याच क्षणी नव्याने तयार होते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने या वेगाचे मोल मोठे आहे, कारण केलेल्या प्रत्येक बदलाचा परिणाम त्याला डोळ्यांसमोर दिसतो आणि भीती जाते.

त्रुटीचे संदेशही समजतील असे आहेत: कोणत्या ओळीत, कोणत्या अक्षरापाशी आणि काय खटकले हे टाइप्स्ट अधोरेखित करून दाखवतो. टाइप्स्टचीही स्वतःची खास चिन्हे आहेत, हे मात्र आधी सांगून ठेवते. ईमेलमधल्या @ या चिन्हाला तो अंतर्गत संदर्भ समजतो आणि त्या नावाची खूण फाइलमध्ये सापडत नाही अशी तक्रार करतो. ईमेल प्रत्येक रेझ्युमेत असतोच, म्हणून जवळजवळ प्रत्येकाची पहिली त्रुटी हीच असते. चिन्हाआधी बॅकस्लॅश दिला की ती जाते. # आणि डॉलर यांनाही तोच नियम लागू आहे. मोठी मर्यादा वेगळी आहे: टाइप्स्टच्या आवृत्तीचा आकडा अजून शून्याने सुरू होतो, आणि नव्या आवृत्तीत काही आज्ञा बदलतात. दोन वर्षांपूर्वीचा नमुना उतरवला तर तो आज जसाच्या तसा चालेल याची खात्री नसते. म्हणून मी विद्यार्थ्यांना दुसऱ्याचा सजवलेला नमुना घेऊ देत नाही; दहा-बारा साध्या ओळींची मांडणी त्यांच्याकडूनच लिहून घेते. ज्या ओळी स्वतः लिहिल्या त्या पुढे दुरुस्तही करता येतात.

उरलेल्या साधनांविषयी थोडक्यात. रेंडरसीव्हीमध्ये मांडणीचा विचारच करावा लागत नाही. शिक्षण, अनुभव, कौशल्ये अशा ठरलेल्या रकान्यांत यॅमल या पद्धतीने माहिती लिहायची आणि पाच-सहा तयार रूपांतले एक निवडायचे. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्या आतून टाइप्स्टच वापरतात आणि निघणारे पान खरोखर नीटस असते. पण त्यासाठी संगणकावर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बसवलेली हवी, ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा काटेकोर हव्यात, आणि वाक्यात कुठे अपूर्णविराम आला की ते वाक्य अवतरणचिन्हांत घालावे लागते. संगणकशास्त्राच्या मुलांना हे जमते, वाणिज्य शाखेच्या मुलांना मी ते सुचवत नाही. जेसन रेझ्युमे हा २०१४ चा प्रकल्प कल्पना म्हणून उत्तम आहे, कारण रेझ्युमेतील माहिती कोणत्या नावांच्या रकान्यांत साठवावी याचा एक खुला आराखडा त्याने दिला; तथापि महिरपी कंस आणि स्वल्पविरामांच्या जंगलात स्वतःचा अनुभव लिहिणे ही माणसाने करायची गोष्ट वाटत नाही. एचटीएमएल आणि सीएसएस येणाऱ्याने ब्राउझरमधून पीडीएफ छापायला हरकत नाही, फक्त छापताना वर-खाली येणारी तारीख आणि फाइलचा पत्ता बंद करावा.

साधन कोणतेही असो, काही गोष्टी नमुना निवडतानाच ठरतात आणि त्यांचा परिणाम मजकूर उपसणाऱ्या प्रोग्रामवर होतो. दोन स्तंभांचा नमुना डोळ्यांना आकर्षक वाटतो, पण अनेक प्रोग्राम पान डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातात. मग डाव्या स्तंभातले ‘भाषा: मराठी, तेलुगू’ आणि उजव्या स्तंभातले ‘शिफ्ट सुपरवायझर’ एकाच ओळीत येऊन बसतात. फोन आणि ईमेलच्या जागी चित्रखुणा असतील तर त्या जागी अर्थहीन अक्षरे मिळतात. कौशल्य दाखवणाऱ्या पट्ट्या आणि ठिपके तर प्रोग्रामला दिसतच नाहीत. एकच स्तंभ, साधी शीर्षके आणि फोनच्या आधी ‘फोन’ हा शब्द, एवढे पाळावे.

यात आपल्याकडची एक विशेष अडचण आहे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात आणि मुले तोच क्रम रेझ्युमेवर उतरवतात. वाचणारा प्रोग्राम पहिल्या शब्दाला नाव आणि शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो, त्यामुळे भरतीच्या नोंदीत उमेदवार वडिलांच्या किंवा आईच्या नावाने नोंदला जातो. रेझ्युमेवर स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी लिहावे. स्पेलिंग मात्र गुणपत्रिकेवरचेच ठेवावे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग एकाच घरातही दोन प्रकारे आढळते, आणि कागदपत्रे तपासताना त्यावरून खोळंबा होतो. जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि आधार क्रमांक हे दुकानातल्या जुन्या फाइलमधून आलेले रकाने काढून टाकावेत. खाजगी कंपनीच्या अर्जाला त्यांची गरज नसते आणि ती फाइल किती मोबाइलवरून फिरेल हे आपल्या हातात नसते.

मराठी रेझ्युमेच्या बाबतीत साधनांमधला फरक सर्वात ठळक होतो. दुकानात मराठी मजकूर अजूनही युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आढळतो. तो दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचे म्हटले की मजकूर युनिकोडमध्येच लिहिला जातो, हा पहिलाच लाभ. पीडीएफ-लाटेकला मात्र युनिकोड देवनागरी सरळ पेलत नाही. त्यासाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्यावे लागते आणि फाँटचे नाव स्पष्ट द्यावे लागते. टाइप्स्टला फाँटचे नाव आणि भाषा मराठी आहे एवढे सांगितले की जोडाक्षरे, रफार आणि मात्रा जागच्या जागी बसतात, आणि फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श यांची मराठी वळणेही मिळतात. फाँट म्हणून मुंबईच्या आयआयटीने मोफत दिलेला शोभिका मला कागदावर सर्वात आवडला. पडद्यावर वाचायचे असेल तर ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हा फाँट घ्यावा. टाइप्स्ट खोटा ठळकपणा तयार करत नाही, त्यामुळे ठळक वजन असलेलाच फाँट निवडावा लागतो, आणि हे मला योग्यच वाटते.

छापील मराठी पान सर्वच साधनांतून उत्तम निघते. परंतु त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की ऱ्हस्व वेलांटी आणि रफार आपली जागा सोडण्याची शक्यता असते, कारण पीडीएफ अक्षरांच्या आकृत्या साठवते आणि देवनागरीत आकृत्यांचा क्रम उच्चाराच्या क्रमापेक्षा वेगळा असतो. झीलाटेकमध्ये मूळ शब्द आकृत्यांच्या मागे साठवण्याची एक ओळीची सोय आहे, ती चालू केली की हा दोष बराचसा जातो. शिक्षण संस्थेत किंवा पतसंस्थेत अर्ज माणूसच वाचतो, म्हणून मी यावर फार अडून बसत नाही. पण मराठी मजकूर कोणत्या ऑनलाइन अर्जात अपलोड करायचा असेल, तर पीडीएफसोबत वर्ड फाइलही द्यावी, आणि ती पुन्हा पॅनडॉककडूनच मिळते.

हे सगळे पाहून मी अशी शिफारस करते. अभियांत्रिकी, पदविका किंवा बीसीएच्या विद्यार्थ्याने टाइप्स्ट शिकावे. वाणिज्य, कला किंवा फक्त मोबाइलवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने मजकूर मार्कडाउनमध्ये ठेवावा आणि पॅनडॉक व टाइप्स्ट मिळून त्याच्या पीडीएफ आणि वर्ड अशा दोन्ही फाइल काढाव्यात. लाटेक संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी राखावे, किंवा ज्याला ते आधीपासून सफाईने येते त्याने चालू ठेवावे. ज्याला एकाच शाळेत एकच अर्ज करायचा आहे आणि ज्याच्या घरी वर्ड आहे, त्याने यांपैकी काहीही शिकले नाही तरी चालेल. त्याने फक्त फाइल स्वतः टाइप करावी आणि स्वतःजवळ ठेवावी.

टाइप्स्ट आणि पॅनडॉक दोन्ही मोफत आणि खुल्या परवान्याची आहेत, आणि दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात. टाइप्स्ट ही विंडोजवर एकच प्रोग्राम फाइल असल्याने ती पेन ड्राइव्हवरून फोल्डरमध्ये ठेवली की पुरते. प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही, त्यामुळे महाविद्यालयाच्या कुलूपबंद संगणकांवरही ती चालवता येते. पॅनडॉकचीही इन्स्टॉल न करता चालणारी झिप मिळते. या दोन फाइल, शोभिका फाँट आणि संदर्भ म्हणून ठेवलेली कोरी वर्ड फाइल असा एक फोल्डर आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक संगणकावर ठेवलेला आहे. विद्यार्थी आपल्या मजकुराची फाइल घेऊन येतो, दोन आज्ञा देतो आणि पीडीएफ नोटपॅडमध्ये चिकटवून वाचल्यावरच ती पाठवतो.